व्हॉल्व्ह लाल होतोय, पण दोष व्हॉल्व्हचाच आहे का?

धरणगावकडच्या एका भाऊंनी विचारलं आहे. घरात जुना स्टिरिओ व्हॉल्व्ह अँप्लिफायर आहे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा. मागे स्पीकरला ताकद देणारे चार ईएल ८४ व्हॉल्व्ह आणि पुढे बारीक आवाज वाढवणारे तीन ईसीसी ८३. उजव्या चॅनेलचा आवाज दबलेला आणि फाटका येतो. चालू केल्यावर वीसेक मिनिटांनी त्याच बाजूचा पुढचा ईएल ८४ आतून लाल व्हायला लागतो. मुंबईहून नवीन जोडी मागवून बसवली, दोन महिने बरं चाललं, आता त्याच जागी पुन्हा तेच. व्हॉल्व्ह टेस्टर आसपास कुणाकडे नाही. "पूर्ण सातचा सेट घेऊन टाकू का?"

भाऊ, सेट आत्ता घेऊ नका. तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. रोज दोन तास धरले तर दोन महिन्यांत सव्वाशे तास होतात. धड चालणारा ईएल ८४ काही हजार तास काढतो, ईसीसी ८३ त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे नवीन व्हॉल्व्ह म्हातारा होऊन गेलेला नाही, त्याला कुणीतरी जाळलं आहे. शिवाय जुना आणि नवीन दोन्ही एकाच सॉकेटमध्ये लाल झाले. कोणता व्हॉल्व्ह घ्यायचा हा पुढचा प्रश्न. त्या सॉकेटमधल्या व्हॉल्व्हला जास्त करंट ओढायला कोण लावतंय, हे आधी शोधायचं. त्यासाठी टेस्टर लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि धीर पुरतो.

व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट कॅथोडला तापवतं, कॅथोडपासून प्लेटकडे करंट जातो आणि मधला ग्रिड त्याला आवरतो, एवढं लक्षात ठेवा. काही गोष्टी तुमच्या सेटवर अवलंबून आहेत. उजव्या जोडीतल्या प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र कॅथोड रेझिस्टर आहे की दोघांत मिळून एक, हे खाली उलटवून बघावं लागेल. खाली दिलेले आकडे ३०० व्होल्टच्या आसपास एचटी (प्लेटला जाणारा मोठा डीसी व्होल्टेज) असलेल्या पुश-पुल, म्हणजे जोडीने आळीपाळीने काम करणाऱ्या ईएल ८४ साठी आहेत. तुमचा एचटी २५० असेल तर ते खाली येतील. बिघाड शोधायची रीत तीच राहते.

आधी जिवाचं. या डब्यात ३०० व्होल्ट डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतो. प्लग काढा, १० किलोओहम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या प्लस टोकापासून चेसिसपर्यंत दहा सेकंद लावा, मग मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आलंय का ते बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची जी सवय आहे तिने कंडेन्सरही जातो आणि डोळेही. चालू सेटवर मोजताना मीटरची काळी वायर चेसिसला आधीच क्लिपने अडकवा, लाल वायर एका हाताने लावा, दुसरा हात खिशात. पायात रबरी चप्पल हवी, आणि घरात दुसरं माणूस जागं हवं. स्पीकर न जोडता सेट चालवू नका. तो नसेल तर ८ ओहम २५ वॅटचा रेझिस्टर लावा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत फुटू शकतो. आणि प्लेट लाल दिसली की ताबडतोब बंद. आणखी पाच मिनिटं बघत बसलात तर व्हॉल्व्हसोबत ट्रान्सफॉर्मरही जाईल. व्हॉल्व्ह पन्नास ठिकाणी मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

डोळ्यांनी जे कळतं ते आधी घ्या. काचेच्या वरच्या भागात आतून आरशासारखा चंदेरी-काळा डाग असतो, तो गेटर. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला, पुढे काही तपासायचं नाही. काचेच्या आतल्या बाजूला निळसर चमक दिसणं बिघाड नव्हे, पॉवर व्हॉल्व्हमध्ये ती बऱ्याचदा असते. मात्र आतल्या पत्र्यांच्या मधल्या पोकळीत जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर आत गॅस आहे. फिलामेंट पेटत नसेल तर सेट बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि ४ व ५ या पिनांमध्ये ओहम मोजा. थंड ईएल ८४ दीड-दोन ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर फिलामेंट तुटलेलं आहे. पण फिलामेंट पेटतंय म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, असं मात्र नाही. दिवा लागतो, कॅथोड मात्र थकलेला असतो, असे व्हॉल्व्ह भरपूर भेटतात.

आता अदलाबदल. चारही ईएल ८४ वर कागदी टेप लावून उ१, उ२, डा१, डा२ लिहा. सेट बंद करून दहा मिनिटं निवू द्या आणि फक्त उजव्या जोडीतले दोन एकमेकांच्या जागी बसवा. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटला गेली तर दोष व्हॉल्व्हचा. लाली त्याच सॉकेटला राहिली तर दोष सॉकेटच्या आजूबाजूचा. ईसीसी ८३ डावे-उजवे बदलतानाही हाच नियम, पण एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले की उत्तर हातात येऊनही कळत नाही. तुमच्या बाबतीत नवीन जोडीने ही परीक्षा नकळत घेतलेलीच आहे, म्हणून मी सॉकेटकडेच बोट दाखवतो.

सॉकेट म्हणजे खरोखर सॉकेट आधी. खालून बघताना मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिना मोजायच्या. २ म्हणजे कंट्रोल ग्रिड, ३ कॅथोड, ४ आणि ५ फिलामेंट, ७ प्लेट, ९ स्क्रीन ग्रिड. २ नंबरची पकड ढिली असेल तर ग्रिड हवेत लटकतो, करंट आवरायला कुणी राहत नाही आणि प्लेट लाल होते. कंडेन्सर रिकामे करून, सुईने त्या पकडीचा पत्रा हलकेच आत दाबा. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेल, पेट्रोल, गंज काढायचा फवारा यांतलं काही नको, चिकट थर मागे राहतो आणि गरम डब्यात तो धोकादायक आहे. पॉलिश पेपरही नको, पिन बारीक झाली की पकड कायमची ढिली. याच वेळी बंद सेटवर २ नंबरपासून चेसिसपर्यंत ओहम मोजा. साधारण ४७० किलोओहम यायला हवेत. मेगओहमच्या पलीकडे गेला किंवा काहीच दाखवत नसेल तर ग्रिडला चेसिसशी जोडणारा ग्रिड लीक रेझिस्टर तुटला आहे, आणि तपास तिथेच संपला.

एवढं ठीक निघालं तर माझा सगळा संशय कपलिंग कंडेन्सरवर जातो. तुमच्या सेटची लक्षणं त्याच्याकडेच बोट दाखवतात, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

आवाजाच्या एकमेकांविरुद्ध दोन प्रती करून जोडीतल्या दोघांना देणारा ईसीसी ८३ म्हणजे फेज स्प्लिटर. त्याच्या प्लेटवर दीड-दोनशे व्होल्ट डीसी असतात. तिथला आवाज ईएल ८४ च्या ग्रिडला पोचवायचा, पण डीसी अडवायचा, हे काम ०.१ किंवा ०.२२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचं. जुने कागदी कंडेन्सर गळायला लागतात. किती? ग्रिड लीक ४७० किलोओहम असेल तर साडेसहा मायक्रोअँपिअर गळती पुरते, तेवढ्यात ग्रिडवर ३ व्होल्ट चढतात. आता दोन्ही व्हॉल्व्हना मिळून एकच १३० ओहमचा कॅथोड रेझिस्टर आहे असं धरा. एरवी प्रत्येकातून ४० मिलिअँपिअर जात होता. गळक्या बाजूचा करंट आता साठच्या पलीकडे जातो. त्याने सामायिक कॅथोडचा व्होल्टेज वाढतो, त्यामुळे शेजारच्या निरोगी व्हॉल्व्हचा करंट पंचविसाच्या आसपास उतरतो. एकाची प्लेट ३०० व्होल्टवर सोळा-सतरा वॅट सोसते, तिची मर्यादा १२ आहे, म्हणून ती लाल. दुसरा अर्धपोटी. पुश-पुलचा तोल गेला, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी बसला, म्हणून आवाज दबका आणि फाटका. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं एकाच गळतीतून निघतात.

स्वतंत्र रेझिस्टर असतील तर तो रेझिस्टर स्वतःच करंटला लगाम घालतो. तेवढ्याच गळतीला करंट सात-आठ मिलिअँपिअरनेच वाढतो आणि बिघाड लवकर दिसत नाही, व्हॉल्व्ह मात्र हळूहळू झिजत जातो.

आणि वीस मिनिटंच का? गळती गरमीने वाढते. कंडेन्सर गरम सॉकेटला चिकटून चेसिसखाली बसलेला असतो. आपल्याकडे वैशाखात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात खोलीच चाळिशीची, मग चेसिसच्या आत काय असेल याचा अंदाज करा. म्हणून सकाळी थंड सेटवर मोजून "कंडेन्सर ठीक आहे" असं ठरवू नका. मल्टिमीटरचा कंडेन्सर मोजायचा कप्पाही इथे उपयोगाचा नाही. तो मायक्रोफॅरड बरोबर दाखवेल, दोनशे व्होल्टखाली होणारी गळती त्याला दिसतच नाही.

मोजायचं असं. सेट चालू, आवाज शून्यावर, मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल वायर उजव्या पुढच्या सॉकेटच्या २ नंबरला. कॅथोड बायसच्या सेटमध्ये, म्हणजे जिथे कॅथोड रेझिस्टरच करंट आवरतो तिथे, शून्य किंवा फार तर काही मिलिव्होल्ट दिसायला हवेत. पहिल्या मिनिटाला, दहाव्याला आणि विसाव्याला आकडा लिहा. तो अर्धा, एक, दोन असा प्लसमध्ये चढत गेला तर चोर सापडला. फक्त एक खात्री उरते, कारण गॅस असलेला व्हॉल्व्हसुद्धा स्वतःच्या ग्रिडला प्लस करतो. सेट बंद करा, तेवढा एकच ईएल ८४ काढा, गरम असतानाच पुन्हा चालू करा आणि रिकाम्या सॉकेटच्या २ नंबरवर मोजा. व्होल्टेज तसाच राहिला तर कंडेन्सर. नाहीसा झाला तर व्हॉल्व्ह. एक व्हॉल्व्ह काढल्यावर एचटी थोडा वर जातो, म्हणून हे मिनिटभरात उरका. काट्याचा स्वस्त मीटर इथे नको, तो स्वतःच ग्रिडचा व्होल्टेज खाली ओढतो आणि गळती लपवतो.

कंडेन्सर गळका निघाला तर चारही बदला, एकाच वयाचे आहेत. ६३० व्होल्टचे पॉलिप्रोपिलीन घ्या, मूल्य जुन्याइतकंच, आणि बसवताना सॉकेट व मोठ्या वॅटच्या रेझिस्टरपासून बोटभर दूर ठेवा.

ग्रिड स्वच्छ निघाला तर ३ नंबर, म्हणजे कॅथोड. स्वतंत्र २७० ओहम असतील तर १० ते ११ व्होल्ट ठीक, कारण १०.८ भागिले २७० म्हणजे ४० मिलिअँपिअर. त्यातला साधारण दहावा भाग स्क्रीनचा, म्हणजे प्लेटला ३६ उरतात. ३०० व्होल्टने गुणले की १०.८ वॅट, बाराच्या आत. भागाकार करण्याआधी बंद सेटवर रेझिस्टर खरंच २७० आहे का ते बघा, जुने कार्बनचे ३३० सुद्धा झालेले असतात. प्लेट लाल आणि कॅथोडला १५ व्होल्ट, तर ग्रिड प्लस आहे, लटकलाय किंवा व्हॉल्व्ह गॅसी आहे. प्लेट लाल आणि कॅथोडला दोन-तीनच व्होल्ट, तर कॅथोडवरचा छोटा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर शॉर्ट आहे, त्याने बायसच खाऊन टाकला. प्लेट लाल नाही, व्होल्टेज सहा-सात आणि एचटी पुरेसा, तर व्हॉल्व्ह थकला. शून्य असेल तर फिलामेंट, स्क्रीनचा रेझिस्टर किंवा एचटी तुटला.

सामायिक रेझिस्टर असेल तर कॅथोडवरून दोघांचा हिशोब वेगळा काढता येत नाही. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून एकेका ७ नंबरपर्यंत बंद सेटवर ओहम मोजून ठेवा. १२० ओहम आले आणि चालू सेटवर त्याच दोन टोकांत ४.३ व्होल्ट दिसले तर ३६ मिलिअँपिअर. ही दोन्ही टोकं ३०० व्होल्टवर असतात. वायरी सेट बंद असताना क्लिपने लावायच्या, मग चालू करायचं आणि हात लांब.

(तुमचा सेट ईएल ३४ आणि फिक्स्ड बायसचा असता तर ग्रिडवर आधीच मायनस व्होल्टेज हवा असता. तो नसेल तर एक मिनिटही सेट चालवायचा नाही, कारण तिथे करंटला लगाम घालायला कॅथोड रेझिस्टर नसतो.)

आता लाईटबद्दल. आपल्या भागात हा भाग टाळून चालत नाही. यावल-रावेर-चोपड्याकडे केळीच्या पंपांची लाईन चालू असताना घरात दोनशेच्या खाली आणि पंप बंद झाले की रात्री अडीचशेच्या वर, हे नवीन नाही. जुन्या सेटचा ट्रान्सफॉर्मर पुष्कळदा २२० व्होल्टचा असतो. त्याला २५० दिले की ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ७.१ ते ७.२ मिळतात. मर्यादा दहा टक्के वर-खाली, म्हणजे ५.७ ते ६.९. वर गेलं की कॅथोड लवकर संपतो, एचटीही त्याच प्रमाणात चढतो. खाली गेलं की आवाज निस्तेज होतो आणि लोक चांगला व्हॉल्व्ह फेकून देतात. म्हणून सगळे व्हॉल्व्ह लावलेले असताना ४-५ नंबरवर एसी मोजा, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रात्री अकराला. जास्त येत असेल तर ट्रान्सफॉर्मरवर २३० किंवा २४० चा टॅप आहे का बघा आणि मेन्सची वायर तिथे हलवा. टॅप नसेल तर सर्वो स्टॅबिलायझर. टक-टक करणारा रिलेचा स्टॅबिलायझर फ्रिजला चालतो, इथे त्याची प्रत्येक उडी स्पीकरमध्ये ऐकू येते.

आणखी एक, जे फक्त आपल्याकडेच सांगावं लागतं. घरात कापूस भरलेला असेल तर अँप्लिफायर त्या खोलीत चालवू नका. तंतू चेसिसच्या भोकांत आणि गरम काचेभोवती अडकतात. हवा थांबते, आणि एक ठिणगी पुरते. दिवाळीनंतर एकदा मऊ ब्रशने झाडून घ्यायची सवय ठेवा, वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी.

करकर आणि घूं-घूं याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सेट उघडलाच आहे तर बघून घ्या. ईसीसी ८३ वर लाकडी पेन्सिलीचं रबराचं टोक हलकेच मारा. पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह थोडा टिंग करणारच. टिंग लांबत राहिली किंवा करकर झाली तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागेवरून हलवून फेज स्प्लिटरच्या जागी लावा, बहुतेक वेळा तिथे तो चांगला चालतो. घूं-घूं वरच्या सुरातली, १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर कंडेन्सर. खालच्या सुरातली, जाड ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंग किंवा फिलामेंटकडून कॅथोडला होणारी गळती. जोडीतले दोन ईएल ८४ असमान झाले तरी घूं-घूं वाढते, त्यामुळे तुमच्याकडे ती असेल तर कंडेन्सर बदलल्यावर आपोआप कमी व्हायला हवी.

खरेदी शेवटी, बिघाड काढल्यावर. लाल झालेली जोडी तेवढी बदला, मॅच्ड, म्हणजे सारखा करंट ओढणारी जोडीच मागा. ईएल ८४ आणि ६बीक्यू५ एकच, रशियन ६पी१४पी सुद्धा चालतो. ईसीसी ८३ साठी १२एएक्स७ किंवा ७०२५ बेधडक लावा. १२एयू७ त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण त्याचा आवाज वाढवायचा गुणक शंभराऐवजी सतरा-अठरा, आवाज पडेल. रशियन ६एन२पी मात्र घेऊ नका, त्याच्या फिलामेंटच्या पिना वेगळ्या आहेत, तुमच्या सेटमध्ये पेटणारच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बेलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने भारतीय व्हॉल्व्ह आजही दिसतात. डब्यावर "नवा जुना माल" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, गेटर बघा, फिलामेंटचे ओहम मोजा, आणि २ नंबरची पिन बाकी कुठल्या पिनेला चिकटलेली नाही याची खात्री करूनच पैसे द्या. सुटा एक ईसीसी ८३ घरात असू द्या. तोच तुमचा टेस्टर.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बच्या सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे सेटचा करंट त्या बल्बमधून जाईल. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक, भडकलेलाच राहिला तर बंद करून पुन्हा तपासा. सिरीजवर असताना व्होल्टेज मोजू नका, ते सगळे कमीच येतील.

आणि मला हे आकडे लिहून पाठवा: उजव्या दोन्ही सॉकेटच्या २ आणि ३ नंबरवरचे व्होल्ट, पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला, शक्यतो दुपारी घेतलेले, कॅथोड रेझिस्टर किती आणि किती ओहमचे, आणि रात्री अकराला फिलामेंटवर किती येतं ते. विसाव्या मिनिटाला लाली दिसायला लागली तर आकडा पूर्ण होण्याची वाट न बघता स्विच बंद करा, तोपर्यंतचे आकडे पुरतील.